बैठकीखालचे कोरीवकाम

प्रश्न : इंग्लंडमधील मध्ययुगीन कॅथीड्रलांत गायनवृंदाच्या लाकडी आसनांखाली माकडे, राक्षस, भांडणारी जोडपी अशी चित्रे कोरलेली आहेत, असे वाचले. चर्चमध्ये हे काम कोणी करवून घेतले आणि त्याचा खर्च कोणी केला?

उत्तर : आधी रचना पाहू. दिवसरात्रीच्या प्रार्थनांतील बराच वेळ धर्मगुरूंना उभे राहावे लागे. म्हणून ओकच्या बिजागरीदार बैठकीच्या खालच्या अंगाला एक अरुंद फळी ठेवीत. बैठक वर उचलली की त्या फळीवर टेकता येई आणि तरीही माणूस उभाच दिसे. या सोयीला ‘मिझरिकॉर्ड’ म्हणतात. फळीला आधार देणाऱ्या भागावर मुख्य चित्र आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जोडचित्रे, ही खास इंग्लिश पद्धत होय. एक्झेटरचा तेराव्या शतकातील संच फार जुना आहे. त्यातल्या हत्तीच्या पायांना चक्क गुरांसारखे खूर आहेत.

खर्चाचे उत्तर मात्र जागोजागी वेगळे आहे. विंझरच्या सेंट जॉर्ज चॅपेलमागे राजा चौथा एडवर्ड होता. लिंकनच्या आसनांच्या कामात तेथील खजिनदार जॉन ऑफ वेलबर्न यांचा पुढाकार होता, तर लडलो येथे पामर्स गिल्ड या नगरातील धार्मिक मंडळाने १४४७मध्ये ब्रिस्टलहून फळ्या विकत आणल्या. सर्वांत बोलके उदाहरण वेल्सचे (Wells; हा वेल्स देश नव्हे, इंग्लंडमधील कॅथीड्रलचे शहर) : जुनी आसने मोडकळीला आल्यावर १३२५मध्ये तेथील धर्मगुरूंनी आपापल्या आसनाचा खर्च स्वतःच उचलावा, असे ठरले. त्यामुळे सुतारांनी मालकांची नजर चुकवून ही चित्रे कोरली, हा लोकप्रिय समज मला पटत नाही. जो रोज ती बैठक उचलतो, त्याला खालचे चित्र दिसल्यावाचून कसे राहील? मँचेस्टरमध्ये तर गरुड आणि बालक हे स्टॅन्ली घराण्याचे चिन्हच कोरलेले आहे, म्हणजे आश्रयदात्याला आपली खूण तेथे हवीच होती.

पैसा असला तरी कुशल सुतार सहज मिळत नसे. विंचेस्टरच्या आसनांचे काम नॉरफोकच्या विल्यम लिंगवुडकडे होते. नॉर्विचच्या बिशपांचे कूळ म्हणून त्याला त्यांच्या जमीनदारी न्यायालयात हजेरी द्यावी लागे. ती माफ व्हावी आणि काम पुरे होऊ द्यावे, अशी विनंती विंचेस्टरचे बिशप हेन्री वुडलॉक यांनी १३०८मध्ये पत्राने केली होती.