वाचकांचे प्रश्न : ऑर्किडच्या फुलांची नाना रूपे

प्रश्न : ऑर्किडची काही फुले फुलपाखरासारखी, काही मधमाशीसारखी, तर काही वहाणेसारखी दिसतात. ही सगळी एकाच कुळातील कशी? आणि झाडावर वाढणारे ऑर्किड हे बांडगूळ असते का?

उत्तर : सुमारे २८,००० जातींच्या या कुळात बाह्यरूप कितीही पालटले, तरी फुलाची मूळ घडण सहसा सुटत नाही. बाहेर तीन संदले (कळी झाकणारी बाहेरची दले) आणि आत तीन पाकळ्या असतात. त्यांपैकी एक पाकळी बहुधा इतर दोहोंहून अगदी निराळी असते व तिला ‘ओठ’ म्हणतात. पुंकेसर आणि स्त्रीकेसर जुळून मधोमध एकच स्तंभ तयार होतो, ही या कुळाची सर्वांत भरवशाची खूण होय.

माझ्या मते सारी नवलाई त्या ओठात आहे. कळी उमलण्यापूर्वी बहुतेक जातींत फुलाचा देठ पीळ घेतो, त्यामुळे वरचा ओठ खाली येतो आणि कीटकाला उतरायला जागा मिळते. ऑफ्रिस प्रजातीत तर हा ओठ आकार, लव आणि गंध या तिन्ही बाबतींत मादी कीटकाची इतकी हुबेहूब नक्कल करतो की, नर तिच्याशी मीलनाचा प्रयत्न करतो आणि मधाचा थेंबही न मिळता परागपुंज अंगाला चिकटवून घेऊन जातो. याउलट मादागास्करमधील एका पांढऱ्या ऑर्किडचा मध ओठामागच्या सुमारे ३० सेंटिमीटर लांब नळीच्या तळाशी असतो. तो पाहून, तितक्याच लांब सोंडेचा पतंग असला पाहिजे, असे डार्विनने १८६२ मध्ये लिहिले. त्या पतंगाचे शास्त्रीय वर्णन त्याच्या मृत्यूनंतर, १९०३ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता दुसरा प्रश्न. झाडावरचे ऑर्किड बांडगूळ नव्हे. बांडगुळाची मुळे आश्रयदात्या झाडात शिरून रस शोषतात. ऑर्किडला त्या झाडाचा केवळ आधार हवा असतो. त्याच्या मुळांवरील स्पंजासारखे आवरण पावसाचे पाणी टिपून घेते. मात्र त्याचे बी धुळीइतके बारीक असून त्यात अन्नसाठा जवळजवळ नसतो, म्हणून निसर्गात ते योग्य कवकाच्या (बुरशीच्या) साथीनेच रुजते. रानातले ऑर्किड ओरबाडून आणणे म्हणूनच फार घातक आहे : उपटलेल्या रोपाची जागा भरून निघायला अनेक वर्षे लागतात.