पूर्वी आपल्याकडे शिवलेले कपडे नव्हतेच, सगळे नुसतं गुंडाळायचे, हे खरं आहे का? आणि फॅशन मुळात बदलते कशामुळे?

माझं अंबाजोगाईत शिवणकामाचं दुकान आहे. आजोबा शिंपी, वडील शिंपी, आता मी. त्यामुळे हा प्रश्न वाचून गप्प बसवेना. शिवलेले कपडे सुलतान-मोगलांनी किंवा इंग्रजांनी आणले, आणि फॅशन म्हणजे नुसती लोकांची हौस, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. मला दोन्ही गोष्टी पटत नाहीत.

आधी अजिंठ्याला जाऊ. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकाच्या, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माच्या एका गोष्टीच्या, चित्रात एक नर्तकी आहे. तिच्या अंगात लांब बाह्यांचा, अंगासरशी बसणारा कपडा आहे. मी ते चित्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा सोबतच्या बायका तिचे डोळे बघत होत्या आणि मी मुंढ्यापाशी, बाही अंगाला जोडतात तिथं, अडकले होते. बाही अशी बसवायची तर मुंढा कापावा लागतो, काखेत जोड घ्यावा लागतो. सुई-दोऱ्याशिवाय ते होत नाही. ही चित्रं पाचव्या शतकातली आहेत. त्याच लेण्यात छतावर टोकदार टोप्या आणि पायमोजे घातलेले परदेशी लोकही रंगवलेत.

पण खरी गंमत पुढं आहे. त्या चित्रांत राजा-राणीच्या अंगावर बघा. उघड्या अंगावर दागिने आणि कमरेला इतकं तलम वस्त्र की नुसत्या काठावरून ते आहे हे कळतं. शिवलेलं घातलंय ते बहुतेक दास-दासी, नाचणारी, शिपाई आणि बाहेरून आलेले लोक यांनी. म्हणजे शिवता येत होतं, पण शिवलेलं घालण्यात तेव्हा मोठेपणा नव्हता. मोठेपणा होता विणीत. असं तलम कापड कात्री लावून तुकडे करायला कोण तयार होईल? धाराशिवजवळचं तेर, म्हणजे जुनं तगर, इथलं साधं कापड आणि मलमल बैलगाड्यांवरून भडोचला जायचं आणि तिथून जहाजानं पश्चिमेला, हे पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशानं लिहून ठेवलंय. पैठणचंही नाव त्यात आहे. अशा चैनीच्या मालापायी दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमची नाणी, भारतात जातात, अशी रोमच्या प्लिनी या लेखकाची तक्रार होती. ज्या मुलखाचं कापड जगात विकलं जात होतं, तिथल्या श्रीमंतानं ते अखंड मिरवलं यात नवल नाही. शिवाय सोवळ्याची कल्पना होतीच. आजही पूजेला बसताना पुरुष शर्ट काढून धाबळी किंवा रेशमी सोवळं नेसतो, ते अखंड असतं म्हणूनच.

आता सुलतानांचं. अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला ते साल १२९६. आमचे नामदेव महाराज, हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे, त्यांचा जन्म १२७० चा मानतात. ते शिंप्याच्या घरात जन्मले. शीख बांधवांच्या गुरु ग्रंथ साहिबात त्यांची पदं आहेत आणि त्यातल्या एका पदात त्यांनी मनाला कापड मोजायचा गज म्हटलंय आणि जिभेला कात्री. वडील दुकान उघडताना रोज पहिल्यांदा कात्रीला हात लावून नमस्कार करायचे, तेव्हा आम्हाला हेच सांगायचे. खिलजी यायच्या आधी शिंप्याचं घर होतं, गज होता, कात्री होती. मग शिवण बाहेरून आली असं कसं म्हणायचं?

बाहेरून काय आलं तेही प्रामाणिकपणे सांगते, कारण आलं ते थोडं नव्हतं. कापायच्या नव्या तऱ्हा आल्या, पुढून उघडणारे लांब अंगरखे आले, सुरवारी आल्या. महंमद तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेला आणली, तिच्याबरोबर विणकरही आले असं आमच्याकडं पिढ्यानपिढ्या सांगतात. औरंगाबादचं हिमरू आणि मशरू कापड हा त्या मेळाचा वारसा. मशरू हाताळून बघा. वरून रेशमाची चकाकी, आत अंगाला लागतो तो सुताचा थर. मुसलमान पुरुषाला अंगाशी रेशीम वर्ज्य, म्हणून विणकरानं रेशीम वर ठेवलं आणि सूत खाली. मशरू या शब्दाचा अर्थच मुळी धर्माला मान्य असलेलं. एका नियमातून एक कापड जन्माला आलं.

यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडं येते. फॅशन हौसेनं बदलते हे अर्धंच खरं. हौस असतेच, पण तिला वाट करून देतो किंवा तिची वाट अडवतो तो धागा, कायदा, यंत्र, नाहीतर राज्य. आपलं छापील सुती कापड इंग्लंडमध्ये इतकं आवडलं की तिथले लोकर आणि रेशमाचे विणकर दंग्याला उठले. तिथल्या पार्लमेंटनं १७०० मध्ये त्याची आयात अडवली आणि १७२१ मध्ये तर ते घालण्यावरच बंदी आणली. फ्रान्सात अशीच बंदी १६८६ पासून १७५९ पर्यंत चालली. हौस तशीच होती, पण ते कापड घालायची चोरी झाली.

आमच्याकडं राज्य निजामाचं, आणि आमचं गाव तेव्हा मोमिनाबाद. इथं निजामाच्या फौजेतल्या घोडदळाची छावणी होती. आजोबांच्या हातून वर्द्या गेल्या, पण त्यांचं नाव होतं शेरवानीसाठी. वकील असो, पटवारी असो की शाळामास्तर, हिंदू असो वा मुसलमान, कचेरीत जायचं तर शेरवानी. आजोबा म्हणायचे, शेरवानीची परीक्षा गळ्यात. गळा बंद करून माणसानं मान खाली घातली आणि कापडाला घडी पडली, तर कारागीर कच्चा. तिच्यावर अनेकांच्या डोक्याला लाल, गोंड्याची रुमी टोपी असायची. ती टोपी तुर्कस्तानची. खुद्द तुर्कस्तानात १९२५ साली कायद्यानं ती बंद झाली, आणि हैदराबाद संस्थानात मात्र पुढंही चालू राहिली. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं आणि आजोबांचं शेरवानीचं काम आटत गेलं. मुक्तिलढ्यामुळं खादी आणि गांधी टोपी आधीच लोकांच्या मनात बसली होती, ती आता उघड कचेऱ्यांत आली. त्यानंतरची कितीतरी वर्षं शेरवानी शिवायला कुणी आलं नाही, असं वडील सांगायचे. आज प्रत्येक लग्नात नवरदेव शेरवानीत असतो, तीही भाड्यानं आणलेली. आजोबांनी हे बघायला पाहिजे होतं, असं मला फार वाटतं.

यंत्राचं आणि रंगाचं थोडक्यात सांगते. सिंगरनं शिवणयंत्राचं पेटंट घेतलं १८५१ ला, आणि पुढं ते यंत्र गावोगाव पोचलं तेव्हा हातशिलाईनं दोन दिवस खाणारी पैरण अर्ध्या दिवसात होऊ लागली. १८५६ मध्ये पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या पोरानं कृत्रिम जांभळा रंग शोधला, १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली, आणि झाडापाल्याचे रंग करणाऱ्यांचा धंदा बसला. पूर्वी ज्या रंगाला पैसा आणि ओळख लागायची, तो कुणाच्याही अंगावर आला.

बायकांच्या कपड्यांचं मात्र मला जरा थांबून सांगायचंय. आजीच्या अंगावर मी कायम नऊवारी बघितली. इरकली नाहीतर नारायणपेठी लुगडं, आणि खणाची चोळी, पुढं गाठ मारायची. खणाचा पन्हाच, म्हणजे रुंदीच, अशी की चोळी बेतताना कातरण जवळजवळ उरायची नाही. कासोटा घातला की शेतात खुरपणी करा, विहिरीत उतरा, काही अडत नाही. १९७२ च्या दुष्काळात आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली, ती त्याच लुगड्यात. आई पण गेली, ती सहावारीत, आणि तिला सारखा पदर-निऱ्या खोचाव्या लागायच्या. आजी तिला म्हणायची, “माय, कासोटा घाल की, कुणाला लाजायलीस?” पण आईला लाजच वाटायची, कारण शिकलेल्या, शहरातल्या बायका सहावारी नेसत होत्या. आणि नऊवारीला कापड जास्त, म्हणजे पैसाही जास्त.

या बदलात एक गोष्ट हरवली, जी पुस्तकांत फारशी येत नाही. ती म्हणजे कनवट. आजीचे पैसे कमरेला लुगड्याच्या पिळात असायचे. दुनिया इकडची तिकडं झाली तरी कनवटीचा पैसा पडायचा नाही. सहावारी आली, परकराला नाडी आली, पैसे पोलक्यात गेले. पंजाबी ड्रेस आला तेव्हा तेही गेलं, हातात पर्स आली. युरोपातही असंच झालेलं आहे. तिथं बायका घेरदार झग्याखाली कमरेला खिशाच्या पिशव्या बांधायच्या. अठराव्या शतकाच्या शेवटी झगे सडपातळ झाले, पिशवी मावेना, आणि हातात छोटा बटवा आला. कपड्याची रेषा बदलली की बाईच्या पैशाची जागा बदलते. मला हे साधं वाटत नाही.

मग टेरिकॉट, म्हणजे पॉलिएस्टर आणि सुताची मिसळ. वडिलांच्या दुकानात सत्तरच्या दशकात त्याचं वेड आलं. इस्त्री नको, वर्षानुवर्षं विरत नाही. बेलबॉटम शिवायला पोरं रांगेत, आणि खाली पायाला किती इंच ठेवायचे यावर पैजा. ज्या परभणी-बीडच्या रानात कापूस पिकतो, तिथला शेतकरी मे महिन्यात पॉलिएस्टर घालून घामाघूम होतो, याचं मला आजही वाईट वाटतं. कारण सुती कापड त्याला परवडत नाही.

मागच्या दिवाळीत आजीची एक जुनी वाकळ उसवली. वरचं पांघरूण नायलॉनच्या साडीचं, ते आईनं नंतर लावलेलं. त्याच्या खाली सहावारी सुती पातळ, त्याखाली वडिलांचं धोतर, आणि सगळ्यात खाली इरकलीचा लाल पदर, पांढऱ्या रेघांचा, रंग अजून पक्का. नायलॉनचा थर टाक्यांतून सुटून एका बाजूला गोळा झाला होता. खालचे सुती थर मात्र एकमेकांना असे धरून होते की सुटे करताना मला ब्लेड घ्यावं लागलं. वाकळीला सूतच लागतं, ते एकमेकांत बसतं. आता लोक जुन्या साड्या वाकळ शिवायला घेऊन येतात, तेव्हा मी कपडा चुरगाळून बघते आणि दहातल्या आठ परत करते.

तांड्यावरच्या बंजारा बायकांचा फेटिया, म्हणजे घागरा, आणि काचळी, म्हणजे चोळी, हा याच मुलखातला शिवणीचा सगळ्यात देखणा नमुना. आरसे, कवड्या, टाक्यावर टाका. आता माझ्याकडं तांड्यावरच्या मुली येतात त्या कुर्ती शिवायला, आणि लग्नात घालायला आजीचा फेटिया जपून ठेवलाय म्हणतात. एकीनं तो मला दुरुस्तीला आणून दिला होता. त्यातले टाके बघून मी माझ्या हाताखालच्या दोन्ही मुलींना काम थांबवून जवळ बोलावलं.

आणि आता जे चाललंय ते तुमच्या प्रश्नाशी थेट जुळतं. माझ्या दुकानात सध्या सगळ्यात जास्त मागणी आहे शिवलेल्या नऊवारीला. कमरेला इलॅस्टिक, कासोटा आधीच टाचलेला, निऱ्या शिवून पक्क्या, पायजम्यासारखी चढवायची. काही जाणत्या बायका नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. हजारो वर्षं अखंड राहिलेलं वस्त्र माझ्या यंत्राखालून जातंय, आणि त्यामुळंच वीस वर्षांची पोरगी ते नेसतेय, नाहीतर कासोटा घालायला तिला शिकवणारं घरात कुणी उरलेलं नाही. गेल्या महिन्यात अशीच एक मुलगी आली, भावाच्या लग्नासाठी. म्हणाली, “काकू, मोबाईल ठेवायला खिसा देता का हिला?” मी तिला उभं केलं, डाव्या बाजूला कमरेशी बोट लावून खूण केली, आणि आजीची कनवट जिथं असायची तिथंच खिसा लावला.