मोबाईलवर जमिनीचा नकाशा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: शेताच्या चारही कोपऱ्यांवर उभं राहून मॅपच्या ॲपमध्ये पॉइंट घेतले, पण आकार डमरूसारखा आला आणि एकरभर शेताचं क्षेत्र दोन गुंठे दाखवतंय. शिवाय कालव्यापलीकडे याच गटाचा एक तुकडा आहे आणि मधे शेततळं, हे सगळं एकाच आकारात कसं दाखवायचं? (वाचक, इंदापूर)

उत्तर: डमरू आलाय म्हणजे पॉइंट बरोबर आहेत, क्रम चुकलाय. ॲपला बांध वगैरे काही कळत नाही हो, तुम्ही ज्या क्रमाने पॉइंट दिले त्याच क्रमाने ते रेघा मारत जातं, त्यामुळे दुसरा आणि तिसरा कोपरा उलटा घेतला की रेघा मधेच एकमेकींना छेदतात आणि हिशोबात डमरूचा एक भाग दुसऱ्यातून वजा होतो, म्हणून ते दोन गुंठे. बांधाने एकाच दिशेने चालत पॉइंट घ्या, आणि बांध जिथे वळतो तिथे जादा पॉइंट घ्या, सरळ बांधावर दर पाच पावलांवर पॉइंट घेऊन उगाच गर्दी करू नका.

पलीकडचा तुकडा त्याच रेघेने जोडायचा नाही, नाहीतर कालवासुद्धा तुमच्या नावावर येतो! त्याच्यासाठी मल्टिपॉलिगॉन असतो, म्हणजे नाव एक आणि तुकडे वेगवेगळे. पुदुच्चेरी बघा, पुदुच्चेरी, कारैकल, माहे आणि यानम, तमिळनाडूपासून आंध्र-केरळपर्यंत पसरलेले भाग पण केंद्रशासित प्रदेश एकच, मॅपवर तो असाच साठवावा लागतो.

शेततळ्यासाठी आतली रिंग काढायची, म्हणजे भोक. 30 बाय 30 मीटरचं तळं जवळपास 9 गुंठे खातं, तेव्हा भोक पाडाच. विहिरीसाठी मात्र एवढा खटाटोप नको, 30 फूट व्यासाची विहीर म्हणजे 707 चौरस फूट, आणि गुंठाच 1089 चौरस फुटांचा.

प्रश्न: पुण्यातल्या प्लॉटची जिओजेसन फाईल (नकाशावरचे आकार अक्षांश-रेखांशांनी लिहून ठेवणारी फाईल) बनवली, ॲपमध्ये उघडली तर प्लॉट नॉर्वेच्या वर समुद्रात! (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर: अक्षांश-रेखांश उलटे पडलेत. आपण बोलताना आधी अक्षांश सांगतो, पुणे 18.52, 73.86, पण जिओजेसन आणि केएमएल (नकाशाच्या फाईलचा असाच दुसरा प्रकार) दोन्हीत रेखांश आधी लागतो. उलटं लिहिलं की पुणे थेट बेअर आयलंडजवळच्या समुद्रात. आणखी दोन गोष्टी आत्ताच बघून घ्या: पहिला पॉइंट शेवटी परत लिहायचा, म्हणजे चार कोपऱ्यांच्या प्लॉटला पाच नोंदी, आणि 2016 च्या स्टँडर्डप्रमाणे बाहेरची रिंग घड्याळाच्या उलट दिशेने आणि आतलं भोक घड्याळाच्या दिशेने. बरीच ॲप्स दिशा उलटी असली तरी चालवून घेतात, पण मॅप काढणाऱ्या काही कोड लायब्रऱ्यांना (प्रोग्रॅममध्ये वापरायचे तयार कोड) हवी ती दिशा नसली की त्या तुमचा प्लॉट सोडून बाकी सगळी पृथ्वी रंगवतात. दशांशानंतर सहा आकडे पुरेत, सहावा आकडा म्हणजे साधारण 11 सेंटिमीटर, पंधरा आकडे लिहून फोनचा जीपीएस काही सुधारत नाही.

प्रश्न: सातबाऱ्यावर 40 गुंठे, ॲपमध्ये जवळपास 45. शेजाऱ्याने आमचा बांध कोरलाय की आम्ही त्याचा? (वाचक, बारामती)

उत्तर: शेजाऱ्याकडे जाण्याआधी ॲप तपासा. मोबाईलचे बहुतेक मॅप मर्केटर पद्धतीने सपाट केलेले असतात, विषुववृत्तापासून जितकं लांब तितकी जमीन फुगते, आणि एखादं ॲप त्या फुगलेल्या चित्रावरच क्षेत्र मोजत असेल तर आपल्या भागात अकरा-बारा टक्के जास्त येतं, तुमचे 40 चे जवळपास 45 नेमके तिथूनच आलेले असू शकतात. त्यात फोनचा जीपीएस मोकळ्या आभाळाखालीसुद्धा चार-पाच मीटर इकडेतिकडे जातो, झाडाखाली त्याहून जास्त, तेव्हा बांधाचा वाद मोबाईलवर सुटत नाही, त्याला भूमी अभिलेखची मोजणीच मागवावी लागते. ॲप तपासायला बारामतीच्या आसपास अक्षांशात 0.001 आणि रेखांशात 0.001 अंशाचा चौकोन काढा, क्षेत्र साधारण 115 गुंठे आलं तर ठीक, 129 च्या आसपास आलं तर ॲप बदला.