गोव्याच्या दमट हवेत घरी केलेलं कोरफडीचं सीरम किती दिवस टिकतं?

ताज्या कोरफडीच्या गराचं सीरम फ्रिजमध्ये ठेवलं तरी दोन-तीन दिवसच वापरा, बाहेर तर ठेवूच नका. मी म्हापशाला घरीच क्रीम आणि साबण बनवते. गर म्हणजे बहुतेक पाणीच, आणि पाणी आलं की जंतू आणि बुरशी आलीच. पावसाळ्यात तर फारच लवकर. वास बदलला नाही म्हणून सीरम चांगलं आहे, असं समजू नका. व्हिटॅमिन ई घालूनही उपयोग नाही. त्याने तेल लवकर खवट होत नाही, पण जंतू अडत नाहीत.

टिकणारं हवं असेल तर कोरफड सोडा. ५० ग्रॅमसाठी:

- डिस्टिल्ड वॉटर ४६.७५ ग्रॅम (बॅटरीत घालायचं नको)
- ग्लिसरीन २.५ ग्रॅम
- सोडियम हायल्युरोनेट (ओलावा धरून ठेवणारी पावडर) ०.२५ ग्रॅम
- फिनॉक्सिएथॅनॉल आणि एथिलहेक्झिलग्लिसरिनचं तयार प्रिझर्व्हेटिव्ह (जंतू आणि बुरशी रोखणारं) ०.५ ग्रॅम

हायल्युरोनेट आधी ग्लिसरीनमध्ये कालवा, मग पाणी घाला, नाहीतर गुठळ्या होतात. रात्रभर फुगू द्या, सकाळी प्रिझर्व्हेटिव्ह मिसळा. चमच्याने नाही, ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावरच मोजा. बाटली उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण सुकवलेली हवी. ग्लिसरीन वाढवू नका, आपल्याकडच्या हवेत चेहरा चिकट होतो.

मात्र दिवसभर एसीत बसत असाल तर हे सीरम एकटं पुरणार नाही: ओलसर चेहऱ्यावर लावून वर साधं मॉइश्चरायझर लावा. आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून बघा.