उन्हाचे कवडसे आणि जुनी चित्रं

प्रश्न : लूव्र अबुधाबी या संग्रहालयाच्या जाळीदार घुमटातून ऊन झिरपतं. चित्रं खराब होत नाहीत?

उत्तर : नाही. वास्तुकार ज्याँ नूवेल यांचा हा 180 मीटर व्यासाचा घुमट (2017) मोकळ्या चौकांवर आणि पांढऱ्या इमारतींवर छत्रीसारखा आहे. चित्रं आत, बंद दालनांत असतात. जाळीचे आठ थर, बाहेरचे चार स्टीलचे, आतले चार ॲल्युमिनियमचे. एका थरातून सुटलेला किरण पुढच्यात अडतो, म्हणून कवडसे सतत सरकतात, विझतात. फार सुंदर दिसतं ते! कागद-कापडाला मात्र साधारण 50 लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) प्रकाश सोसतो, म्हणून अशा दालनांत उजेड मंद असतो. भर उन्हातून थेट आत शिरलात तर सगळं काळवंडलेलं दिसेल. घुमटाखाली दहा मिनिटं रेंगाळा, डोळे सरावू द्या, मगच दालनात जा.