तलावावर पहिल्यांदाच स्टँड-अप पॅडल बोर्डिंग, म्हणजे पाण्यावर तरंगत्या फळीवर उभं राहून वल्हवणं, करणार आहे. उभं राहिलं की बोर्ड डगमगतो म्हणतात, काय करावं?

बोर्ड रुंद घ्या. 32 ते 34 इंच रुंद आणि साधारण साडेदहा फूट लांब असला की शिकणाऱ्याला पुरतो. हवेचा असेल तर त्यावर लिहिलेल्या दाबापर्यंत, बहुधा 12 ते 15 पीएसआय, भरा. शेवटची हवा भरताना दम निघतो म्हणून लोक तिथेच थांबतात, मग बोर्ड मधोमध वाकतो आणि जास्तच डुलतो.

गुडघाभर पाण्यात जाऊन मगच चढा, नाहीतर बोर्डखालचं फिन (माशाच्या परासारखा भाग) तळाला घासून बोर्ड अचानक अडतो आणि तुम्ही पुढे फेकले जाता. आधी गुडघ्यांवर बसून पाच-दहा मिनिटं वल्हवा. उठताना एकेक पाऊल मधल्या हँडलच्या दोन्ही बाजूंना, खांद्याइतक्या अंतरावर ठेवा. गुडघे किंचित वाकलेले, नजर समोर काठावर. पायांकडे बघितलंत की पडलातच! उभं राहताच वल्हं मारा. थांबलेल्या सायकलसारखाच थांबलेला बोर्ड जास्त हलतो.

वल्ह्याचं पातं पुढच्या बाजूला कललेलं हवं. नवखे हमखास उलटं धरतात.

तोल गेला तर बोर्डपासून लांब, पाण्यात आडवं पडा. लाइफ जॅकेट आणि पाय बोर्डला बांधून ठेवणारी दोरी हवीच, कारण वाऱ्यात सुटलेला बोर्ड पोहून गाठता येत नाही. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर वाराच परत आणतो.