जरबेरा मधूनच कुजतोय

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी नारिंगी जरबेराचं फुललेलं रोप आणून मोठ्या कुंडीत लावलं. रोज न चुकता पाणी घालते. सोबत आलेली चार फुलं सुकली, नंतर एकही नाही. आता मधली कोवळी पानं काळी पडून हातात येतात. खत कमी पडतंय का?

उत्तर : खत अजिबात घालू नका. कोवळी पानं नुसती ओढल्यावर हातात येतात म्हणजे गाभा कुजायला लागलाय. रोप खोल लागलं असणार. बोटाने मधली माती बाजूला करून बघा. सगळी पानं जिथून फुटतात तो गाठीसारखा भाग, म्हणजे क्राउन, मातीखाली गेलेला दिसेल. कळ्याही तिथूनच येतात. माझी पहिली दोन रोपं अशीच गेली. बुंध्याशी माती दाबून भरायची हाताला सवय होती, आणि जरबेराला नेमकं तेच सोसत नाही. त्याचं मूळ दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बर्टन भागातलं. पाणी मुळाशी साचून राहिलेलं त्याला चालत नाही.

आजच रोप उपसा. मुळं पांढरी आणि टणक असतील तर ते वाचायची चांगली आशा आहे. काळा, बुळबुळीत भाग स्वच्छ चाकूने काढून टाका. बागेची माती निम्मी, उरलेल्यात भरड वाळू आणि पूर्ण कुजलेलं शेणखत घ्या. लावताना क्राउन मातीच्या दोन सेंटिमीटर वर ठेवा. रोप उघडं पडल्यासारखं वाटेल, पण वरून माती ओढू नका. पाणी दिल्यावर माती बसते, रोपही थोडं खाली जातं.

‘रोज न चुकता’ हे मात्र सोडा. वरची पेरभर माती सुकली की सकाळी कुंडीच्या कडेने पाणी द्या, गाभ्यात थेंबही नको. सकाळचं ऊन भरपूर हवं, दुपारचं कडक ऊन टाळा.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. फूल कात्रीने कापू नका. लवदार दांडा अगदी तळाशी धरा, बाजूला वाकवून हलका पीळ द्या, तो सांध्यातून सुटून येतो. कापलं तर मागे उरलेला खुंट सडतो आणि ती सड गाभ्यात उतरते.

मधोमध नवं, घट्ट मिटलेलं पान वर येताना दिसलं की रोप सावरलं. तशी दोन-तीन पानं उघडली की मग पातळ खत द्या.